काइटचा बोर्ड विंगला चालेल का?

काइटफॉइलिंग करणाऱ्याच्या गॅरेजमध्ये सामानाचा ढीग आधीच पडलेला असतो. बोर्ड आहे, मास्ट आहे, खालचे पंख आहेत, हार्नेस आहे. मग किनाऱ्यावर हातात फुगवलेला पंख, म्हणजे विंग, धरलेले विंगवाले दिसायला लागतात. त्यांना दोऱ्या पसरायला मोकळी जागा लागत नाही, काइट उचलून धरायला दुसरा माणूस लागत नाही. गाडी लावली, पंपाने विंगमध्ये हवा भरली, की स्वारी पाण्यात. ते बघून पहिला विचार अस्सल मध्यमवर्गीय येतो: बोर्ड तर आहेच, नुसती विंग घेतली की झालं!

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पश्चिम काठावर, फॉस्टर सिटीच्या थर्ड अ‍ॅव्हेन्यूला, हा प्रश्न मराठीतूनही ऐकू येतो. आसपास कंपन्या दाट, मराठी वस्तीही दाट, आणि उन्हाळ्यात दुपारी कचेरीतून निघून तासाभरासाठी पाण्यात उतरणारे बरेच. “काय रे, हा काइटचा बोर्ड चालेल का विंगला?” याचं उत्तर ‘चालेल’ असंच आहे. पण तेवढं ऐकून कुणी लगेच विंग मागवू नये, कारण अडचण बोर्डात फारशी नाहीच. काइट गुपचूप जी कामं करत होता, ती आता कोण करणार, हा खरा प्रश्न आहे.

ज्यांनी हे सामान जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. बोर्डाच्या पोटाला एक उभी पट्टी जोडलेली असते, तो मास्ट. काइटच्या संचात तो साधारण ९० सेंटिमीटर ते एक मीटर. त्याच्या खालच्या टोकाला आडवा दांडा, त्याला फ्यूजलाज म्हणतात. दांड्याच्या पुढच्या टोकाला मोठा पंख, मागच्या टोकाला छोटा. पुढचा पंख उचल देतो, मागचा तोल राखतो. हे सगळं मिळून फॉइल. विमानाच्या पंखाचंच तत्त्व, फक्त हवेच्या जागी पाणी. पाणी हवेपेक्षा आठशेपटींहून अधिक दाट असल्यामुळे पंख पाटाएवढाही लागत नाही. पुरेसा वेग आला की बोर्ड पाण्याबाहेर येतो आणि माणूस लाटांच्या वरून जवळजवळ आवाज न करता सरकू लागतो. याच उपसागरात २०१३ च्या अमेरिकाज कप शर्यतीत ७२ फुटी बोटी असल्याच फॉइलवर उभ्या राहून धावल्या होत्या. ओरॅकलच्या संघाने १-८ अशा पिछाडीवरून ९-८ असा विजय खेचून आणला, ती शर्यत इथल्या लोकांच्या तोंडी अजून असते.

काइट आणि विंग या दोन्ही खेळांत पाण्याखालचं हे यंत्र तत्त्वतः एकच. काइटफॉइलिंग २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं, त्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या. विंग त्याहून नवी. हाताने धरायच्या पंखाचे प्रयोग जुने आहेत, पण फुगवायची, हलकी, दुकानात मिळणारी विंग २०१९ च्या सुमारास आली. डुओटोन कंपनीसाठी केन विनर यांनी केलेली रचना आणि नेश कंपनीची विंग या त्यातल्या सुरुवातीच्या. एवढ्या थोड्या वर्षांत तिने किनाऱ्यावरची गर्दी बदलून टाकली.

आता काइट काय काय करतो ते बघू. तो वीसेक मीटर लांब दोऱ्यांच्या टोकाला, वर, जोरकस वाऱ्यात उडतो. वारा मंदावला तर त्याला आकाशात इकडून तिकडे फिरवता येतं. तो स्वतः वेगाने हलतो आणि हलण्यातूनच जोर पैदा करतो. ही पहिली गोष्ट. दुसरी, तो तिरका वर ओढतो, त्यामुळे तुमच्या वजनाचा काही हिस्सा सतत त्याच्याकडे असतो. ओढ हार्नेसमधून कमरेवर येते, हात मोकळे राहतात, ही तिसरी. चौथी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही पाण्यात नुसते पडलेले असलात तरी काइट तुम्हाला धरून असतो. पाठीवर तरंगत पाय बोर्डावर टेकवायचे, काइटला एक सूर मारायला लावायचा, की तो तुम्हाला पाण्यातून उपटून सरळ उभं करतो. या सगळ्या व्यवहारात बोर्डाने तरंगावं अशी अपेक्षा कुणी केलेलीच नसते. म्हणून तर काइटचे बोर्ड इतके पातळ, हलके आणि देखणे असतात.

विंग यातलं एखाद-दीडच काम करते. ती हातात, डोक्याच्या उंचीवर असते. तिथला वारा वरच्यापेक्षा मंद आणि लाटांनी विस्कटलेला. तिला आकाशात फिरवून जोर काढता येत नाही. फार तर हातांनी झटके देऊन थोडा मिळतो. डोक्यावर आडवी धरली तर ती वर ओढते खरी, पण किती, ते आकड्यांत बघितलेलं बरं.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाच चौरस मीटरची विंग २० नॉट वाऱ्यात (म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर) ढोबळमानाने ३२ किलो वजनाइतका जोर देऊ शकते. तीच विंग १२ नॉटला जेमतेम १२ किलोवर येते. वारा निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, पण जोर जवळपास एकतृतीयांश उरला. शिवाय हा सगळा जोर वर वापरता येत नाही, त्यातला काही पुढे जायला लागतो.

दुसऱ्या बाजूला बोर्ड. शाळेत आर्किमिडीज शिकलोच आहोत: जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार. एक लिटर आकारमानाला साधारण एक किलो. विंग शिकणाऱ्याला जो बोर्ड देतात त्याचं आकारमान त्याच्या वजनापेक्षा तीस-चाळीस लिटर जास्त असतं. ७५ किलोच्या माणसाला ११० लिटरच्या आसपास. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधायचे, तशातला प्रकार. त्यावर गुडघे टेकून निवांत बसता येतं, वाऱ्याची वाट बघता येते, पडलं तर चढता येतं. हात बसला की लोक वजनाइतक्या लिटरवर येतात, आणि पुढे त्याहून खाली. वजनापेक्षा वीस-तीस लिटर कमी असलेला बोर्ड तुम्हाला घेऊन बुडतो, म्हणून त्याला ‘सिंकर’ म्हणतात.

काइटच्या फॉइलबोर्डाचं आकारमान मात्र बहुतेक वेळा दहा ते तीस लिटरच्या दरम्यान. म्हणजे विंगवाल्यांच्या लेखी सिंकर ज्याला म्हणतात, त्याच्याही खालची ही पायरी आहे.

चांगला जाड, २५ लिटरचा काइटबोर्ड धरू. तो आणि त्याखालचं फॉइल मिळून आठ किलोचं. उरला सुमारे १७ किलोंचा आधार. वेटसूट आणि व्हेस्टची तरंगण्याची ताकद आणखी पाचेक किलो. तुमचं वजन ७५ आणि हातातली विंग धरून ७७-७८. हिशोब जुळायला राहिलेले ५५ किलो तुमच्या शरीरानेच पाण्यात बुडून भरून काढायचे. माणसाचं शरीर पाण्याइतकंच दाट असल्यामुळे याचा अर्थ सरळ आहे: बोर्डावर गुडघे टेकून बसलात तर पाणी छातीच्याही वर येणार. आता वीस नॉटच्या वाऱ्यात विंग डोक्यावर धरली आणि तिच्या ३२ पैकी २० किलो वर वापरले, तर शरीराने भरायचे ३५ उरतात. पाणी कमरेपाशी उतरतं. इथून निघता येतं. बारा नॉटला हाच हिशोब मांडलात तर पाणी पोटाच्या वरच राहतं, आणि पोटापर्यंतच्या पाण्यात माणसाला पुढे ढकलायला विंगकडे जोर शिल्लक नसतो. हात दुखेपर्यंत झटके मारा, बोर्ड जागेवरच डुचमळत राहतो.

म्हणून पहिली अट वारा. काइटचा बोर्ड विंगखाली घालायचा तर मला १८ नॉटच्या खाली त्यात राम वाटत नाही, आणि तोही सलग हवा, झुळुकांचा नको.

दुसरी अट पुढच्या पंखाची. माझ्या मते बोर्डापेक्षा हीच जास्त महत्त्वाची, आणि नेमकी हीच लोक विसरतात. काइटच्या संचातला पुढचा पंख बहुधा ६०० चौरस सेंटिमीटरच्या आगेमागे असतो, शर्यतीचा त्याहूनही लहान. काइट वजन उचलून धरत असल्यामुळे तेवढा पुरतो. विंगवर मात्र सगळा भार पंखावर येतो. माणूस, सामान, ओला वेटसूट असे सगळे मिळून ९० किलो धरले तर ६०० च्या पंखाला उडायला ताशी साधारण २० किलोमीटर वेग लागेल. अर्धवट बुडालेल्या बोर्डावर, हातातल्या विंगने तो वेग गाठणं जवळपास अशक्य. पंख १८०० चौरस सेंटिमीटरचा घातला तर बारा किलोमीटरच्या आतच उड्डाण होतं. पाणी आणि पंख यांचं गणित इथेही वर्गाचंच आहे. क्षेत्रफळ तिप्पट केलं की लागणारा वेग सुमारे पावणेदोन पटींनी उतरतो.

मोठ्या पंखाची खरी मदत त्याही आधी होते. बोर्ड अजून पाण्याखाली आहे, तुम्ही कमरेइतक्या पाण्यात आहात आणि कसेबसे ताशी सात किलोमीटरने सरकताय, अशा वेळी १८०० चा पंख चौतीसेक किलो उचल देऊ लागलेला असतो. ६०० चा पंख तेव्हा अकरा किलोंवर अडकलेला. म्हणजे बोर्ड वर आणायचं काम आकारमान करत नाही, खालचा पंख करतो. हे एकदा ध्यानात आलं की काइटबोर्डावर विंग चालते कशी, याचं कोडं सुटतं.

पंख बदलायचा म्हटला की कंपन्यांची जात आड येते. एका कंपनीचा पंख दुसरीच्या फ्यूजलाजवर बसत नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांचंही काही वेळा जमत नाही. तुमच्या काइटच्या मास्टला बसणारा मोठा पंख त्याच कंपनीकडे असेल तर नशीब. त्यातही एक बघावं: शर्यतीसाठी केलेला अरुंद, लांब मास्ट छोट्या पंखासाठी घडवलेला असतो. त्याच्या टोकाला दोन हजारचा रुंद पंख लावला की वळताना तो पिळवटतो, आणि तुमच्या पायाने दिलेली सूचना खाली उशिरा पोचते. फ्रीराइडचा, म्हणजे शर्यतीऐवजी मौजेच्या स्वारीचा, जाडसर मास्ट असेल तर ही कटकट फारशी नाही. लांबीचं म्हणाल, तर विंग शिकणाऱ्याला ७०-८० सेंटिमीटर सोयीचे. एक मीटरचा मास्ट खवळलेल्या पाण्यात छान, पण पडलात तर जास्त उंचीवरून, आणि उथळ पाण्यात आधीच अडकणारा.

आता बोर्ड उलटा करून त्याच्या पोटाकडे बघू. विंगच्या बोर्डांना तिथे दोन समांतर खाचा असतात, एकमेकींपासून ९० मिलिमीटरवर. त्यात नट सरकतात, त्यामुळे मास्ट पुढे-मागे हलवता येतो. काइटच्या बोर्डांत तीन प्रकार दिसतात. काहींना अशाच खाचा असतात, ते उत्तम. काहींना चार भोकं असतात, धातूची पेटी आत पक्की बसवलेली. मास्ट जिथे आहे तिथेच. आणि जुन्या बोर्डांत टटल बॉक्स, म्हणजे वरून खाली निमुळता होत जाणारा खोल कप्पा, ज्यात मास्टचं डोकं घुसतं. एकातून दुसऱ्यात जायला जोडपट्ट्या मिळतात, पण प्रत्येक जोडपट्टी म्हणजे आणखी चार स्क्रू आणि हलण्याची आणखी एक जागा. स्क्रूंची जाडी ६ मिलिमीटर आहे की ८, हे घरीच तपासावं. किनाऱ्यावर वारा सुटलेला असताना हा शोध लावण्यात मजा नाही.

मास्ट हलवता येणं एवढं महत्त्वाचं का? पुढच्या पंखाची उचल एका बिंदूतून वर येते असं समजा. तुमचं वजन दोन पायांच्या मधून खाली जातं. हे दोन एका रेषेत आले तर बोर्ड सपाट उडतो. उचल तुमच्या पुढे पडली तर नाक वर उसळतं, पंख पाण्याबाहेर डोकावतो, हवा ओढतो, आणि सगळं एकदम कोसळतं. मागे पडली तर कितीही वेग आला तरी बोर्ड उठायचं नाव घेत नाही. मोठा पंख लावल्यावर हा बिंदू सरकतो. शिवाय काइटवर शरीराचा काही भार वर टांगलेला होता, तो आता पायांवर उतरलाय, म्हणून उभं राहण्याची जागाही बदलते. खाचांचा बोर्ड असेल तर मास्ट एकेक सेंटिमीटर सरकवत जावं. पुढचा पाय जोरात दाबूनही नाक वर जात असेल तर मास्ट मागे घ्या. मागच्या पायावर बसावं लागत असेल तर पुढे. एका सेंटिमीटरचा फरक पायाला लख्ख कळतो. चार भोकांच्या बोर्डावर ही चैन नाही, तिथे पायच हलवायचे. म्हणून काइटच्या वेळचे पायपट्टे काढून टाकणं श्रेयस्कर. ते पायाची जागा ठरवून ठेवतात, आणि नेमकी ती जागा आता चुकीची असते. शिवाय गुडघे टेकताना त्यांच्यावरच टेकले जातात, ते वेगळं.

मग निघायचं कसं? छातीभर पाणी तरी हवं, म्हणजे खालचं फॉइल तळाला लागणार नाही. बोर्ड वाऱ्याला आडवा धरायचा. विंग तुमच्या वाऱ्याखालच्या बाजूला, सुलट, मनगटाच्या लीशला, म्हणजे सुरक्षादोरीला, बांधलेली. एका हाताने तिच्या पुढच्या काठाची मूठ धरून तिला नुसती फडफडत ठेवायची. दुसऱ्या हाताने बोर्ड पाण्यात सपाट दाबायचा आणि एकेक गुडघा वर घ्यायचा. बोर्ड या क्षणी साबणासारखा बाजूला निसटायला बघतो. त्याला खाली पाठवायचंय हे मनाशी पक्कं करून, मधोमध वजन टाकून, सरळ खाली घालवायचा. नवशिक्याला उलटं वाटतं, पण पूर्ण बुडालेला बोर्ड अर्धवट तरंगणाऱ्यापेक्षा कमी डुगडुगतो. चारी बाजूंनी पाणी त्याला धरून ठेवतं, आणि खालचे रुंद पंख नांगरासारखे स्थिर असतात. चाळीस लिटरच्या बोर्डावर धडपडणारे काही जण वीस लिटरवर जास्त शांत दिसतात, ते यामुळे.

आता दोन्ही हातांनी विंग डोक्यावर घ्यायची. इथे घाई नको. हात सरळ, विंग जवळजवळ आडवी, आणि तिला वर ओढू द्यायचं. शरीर पाण्यातून हळूहळू वर सरकतं. मग बोर्डाचं नाक वाऱ्यापासून किंचित दूर वळवायचं आणि जोराच्या झोताची वाट बघायची. उपसागरात झोत दिसतो; पाण्यावर काळसर, खरखरीत पट्टा सरकत येतो. तो अंगावर आला की मागच्या हाताने विंग ओढून घ्यायची. बोर्ड सरकू लागतो. अजून उठायचं नाही. पाणी मांड्यांवरून मागे वाहू लागलं, खालून पंखाने उचललेलं गुडघ्यांना कळलं, की पुढचा पाय, आणि त्याच्या पाठोपाठ मागचा. उभं राहिल्यावरही बोर्ड घोट्याइतक्या पाण्यात असू शकतो. पायांनी दोन-तीन हलके दाब, विंगचे दोन-तीन झटके, आणि बोर्डाने पाण्याचा पृष्ठभाग फोडला की ओढ एकदम कमी होते. त्यानंतर उड्डाणाला फार वेळ लागत नाही. काही जण पाण्याखालीच दोन्ही पाय टेकवून उकिडवे बसतात आणि तिथूनच निघतात. ज्यांच्या गुडघ्यांची तक्रार नाही त्यांनी तेही करून बघावं.

काइटवाल्याला इथून पुढचं सोपं जातं. उडणाऱ्या बोर्डावर तोल कसा राखायचा, उंची कशी सांभाळायची, हे त्याच्या पायांना माहीत असतं. फक्त काइट जो वरून आधार देत होता, तोल गेला की कमरेला धरून सावरत होता, तो आता नाही. पहिले काही दिवस मांड्या भरून येतात. हात थकत असतील तर काइटचा हार्नेस कामी येतो. विंगला एक छोटी हार्नेसदोरी बांधून हुकात अडकवता येते.

आणि उडू लागल्यावर कळतं की लोक एवढा खटाटोप का करतात. बोर्ड पाण्याबाहेर आला की त्याच्या आकारमानाचं काम संपलं. ११० लिटरचा, ७० सेंटिमीटर रुंद बोर्ड आता पायाखाली लोंबणारं ओझं आहे. वळताना तो उशिरा वळतो, वाऱ्याचा झोत त्याच्या पोटाखाली शिरतो. काइटचा छोटा बोर्ड मात्र असून नसल्यासारखा. पाय हलला की पंख हलला. लाटेच्या उतारावरून विंग एका हातात सोडून नुसतं फॉइलवर घसरत जाताना हा फरक इतका जाणवतो की मोठ्या बोर्डावर परत जावंसं वाटत नाही. मोह खरा आहे, म्हणूनच तो कधी करायचा हे ठरवावं लागतं.

माझं मत असं: विंग शिकायला हा बोर्ड वापरू नये. फॉइल तुम्हाला येत असेल, पण विंग हातात कशी धरायची, ती उलटली तर सुलटी कशी करायची, गुडघ्यांवरून कसं उठायचं, हे सगळं तरंगणाऱ्या बोर्डावर आठवडाभरात येतं आणि बुडणाऱ्यावर महिना घेतं. मोठा बोर्ड भाड्याने मिळतो, मित्राचा मागता येतो. वळण हीच कसोटी. वाऱ्याबरोबर वळताना मोठा बोर्ड पाण्याला टेकला तरी तो तरंगत पुढे जातो, तुम्ही पुन्हा उडता. काइटचा बोर्ड टेकला की बुडाला, आणि मग वरची सगळी कवायत पहिल्यापासून. बहुतेक वळणं तुम्ही फॉइलवरून न उतरता पूर्ण करत असाल, तर छोटा बोर्ड काढायला हरकत नाही.

लीशचा मुद्दा वेगळाच, आणि तो जिवाशी येऊ शकतो. काइटफॉइलिंगमध्ये बोर्डाला लीश लावायची नाही असं शिकवतात, कारण काइट तुम्हाला ओढत नेत असताना मागून ताणलेला बोर्ड, धारदार पंखांसकट, डोक्यात येऊन बसू शकतो. बोर्ड सुटला तर काइटच्याच ओढीने पाण्यातून फरफटत जाऊन तो परत मिळवता येतो. विंगवर ती सोय नाही. बोर्ड हातातून सुटला आणि वारा-लाटांनी वीस हात दूर गेला, तर पोहून गाठणं अवघड. म्हणून विंगवाले दोन लीश लावतात, एक विंगची, एक बोर्डाची. पण काइटच्या बोर्डावर लीश अडकवायला जागाच ठेवलेली नसते. पायपट्ट्याच्या रिकाम्या स्क्रूखाली मजबूत फितीचा एक फास बसवून ती करून घ्यावी लागते. हेल्मेट आणि इम्पॅक्ट व्हेस्ट हे तर हवंच. वेटसूट आणि व्हेस्टचे ते पाचेक किलो उठताना किती उपयोगी पडतात ते वरच्या हिशोबात आलंच आहे.

आता जागा. शाळेच्या भूगोलात खारे वारे शिकवतात, त्यांचं भव्य रूप सॅन फ्रान्सिस्को उपसागरात बघायला मिळतं. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचं मधलं खोरं चाळीस अंशांजवळ तापतं, समुद्र मात्र बारा-तेरा अंशांवर थंड. जड, गार हवा गोल्डन गेटमधून आणि सॅन ब्रूनोच्या डोंगरखिंडीतून आत घुसते. एप्रिल ते ऑगस्ट दुपारी कोयोटे पॉइंट आणि थर्ड अ‍ॅव्हेन्यू या किनाऱ्यांवर पंधरा ते पंचवीस नॉट हे नेहमीचं. बुडणाऱ्या बोर्डासाठी याहून चांगला वारा कुठला. पण इथे भरती-ओहोटीचा प्रवाह बघितल्याशिवाय उतरू नये. भरतीचं पाणी दक्षिणेकडे, म्हणजे वाऱ्याच्याच दिशेने, सॅन मॅटेओच्या पुलाकडे वाहतं. बुडालेल्या बोर्डावर दहा मिनिटं खटपट करत बसलात तर तेवढ्या वेळात बरंच खाली वाहून गेलेले असता. ओहोटीचं पाणी वाऱ्याविरुद्ध जातं, लाटा उभ्या आणि तुटक करतं, पण तुम्हाला जागेवर ठेवायला मदत करतं. अगदी तळाची ओहोटी मात्र टाळावी; काठाजवळ चिखल आणि त्यावर गुडघाभर पाणी, तिथे मीटरभर मास्टचं काही चालत नाही.

गोव्यात मोरजी-आश्वेच्या पट्ट्यात फेब्रुवारी ते मे दुपारी काइट उडताना दिसतात. तिथला वायव्येचा खारा वारा सुखाचा, पण बहुधा दहा ते पंधरा नॉटच्या घरातला. काइटला तो पुरतो, कारण काइट फिरवून जोर काढता येतो. काइटच्या बोर्डावर विंग घेऊन उतरायला तो अपुरा. पावसाळ्यात वारा भरपूर असतो, पण तेव्हाचा समुद्र या खेळाचा नाही. तिकडे विंग करायची तर पूर्ण तरंगणारा बोर्डच घ्यावा.

वारा मधेच पडला तर काय, याचा विचार किनाऱ्यावरच करून ठेवायचा. मोठ्या बोर्डावर पालथं झोपून, विंग मागे ओढत, हातांनी वल्हवत परत येता येतं. काइटच्या बोर्डावर ते जमत नाही. त्यापेक्षा विंग पाण्यावर उलटी टाकून तिच्या फुगलेल्या काठावर छाती टेकवायची, बोर्ड लीशने मागे येऊ द्यायचा, आणि पाय मारत निघायचं. वेग मुंगीचा. त्यामुळे वारा किनाऱ्याकडे किंवा किनाऱ्याला तिरका येत असेल अशाच ठिकाणी, आणि पोहून परतता येईल एवढ्याच अंतरात, सुरुवात करावी. जमिनीवरून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यात बुडणारा बोर्ड घेऊन जाणं हा शहाणपणा नव्हे, मग तुम्ही काइटवर कितीही मुरलेले असा.

खरेदीचा क्रम लावायचाच झाला तर आधी विंग, मग मोठा पुढचा पंख, मग लीश. बोर्ड सगळ्यात शेवटी, आणि तोवर काइटच्या बोर्डावर तुमचं भागलेलंही असेल. विंगची मापं बघताना एक नेहमीच्यापेक्षा मोठीच घ्या. बुडालेल्या बोर्डावरून उठायला लागणारा जोर उडत राहायला लागणाऱ्या जोरापेक्षा बराच जास्त असतो. उडाल्यावर ती थोडी जड वाटेल, तेवढं सोसायचं.

घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवायचं, आणि दर काही दिवसांनी मास्ट काढून ठेवायचा. खाऱ्या पाण्यात स्टीलच्या स्क्रूंपाशी अ‍ॅल्युमिनियमचा मास्ट खाल्ला जातो आणि स्क्रू असे जखडतात की पुढे ड्रिल मारून काढावे लागतात. आट्यांना गंजरोधक वंगण लावलेलं असलं की ही वेळ येत नाही. मास्ट काढलाच आहे तर भोकांच्या भोवतीचा भाग बोटाने दाबून बघा. काइटचा बोर्ड छोट्या पंखाच्या भाराला घडवलेला आहे. मोठा पंख, त्यावर तुमचं पूर्ण वजन आणि पायांचे झटके हा जादा ताण याच चार भोकांवर येतो. रंगावर केसासारखी बारीक रेघ दिसली, किंवा दाबल्यावर जागा किंचित मऊ लागली, तर आत पाणी शिरायला लागलंय असं समजा. दुरुस्त होऊन नीट वाळेपर्यंत तो बोर्ड पाण्यात घालू नका.